जुन्या पिकअपचा एबीएसचा दिवा जात नसेल, तर फ्यूज काढून गाडी चालवावी का?

आपली गाडी २०१२ ची आहे, पिवळा दिवा विझत नाही, मागच्या उजव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर एकदा बदलूनही तोच दोष दिसतो आणि आता गॅरेजवाला एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूजच काढून टाकायला सांगतो, असे आपण लिहिले आहे. यातले शेवटचे वाक्य नसते, तर मी बहुधा उत्तर लिहायला बसलो नसतो. आमच्या घरात गेली तीन वर्षे जो वाद चालू आहे त्याचे मूळ हाच सल्ला आहे, आणि तो देणारा माझा मेहुणा आहे.

फ्यूज काढू नका.

उरुळी कांचनजवळ आमची रोपवाटिका आहे आणि २०११ ची डबल केबिन पिकअप आम्ही दोघांनी भागीत घेतलेली आहे. हौद्यात वर्षभर ओली माती, शेणखत आणि कुंड्या असतात, आणि पावसाच्या तोंडावर दापोलीहून आंब्याची कलमे आणायची म्हणून कोकणच्या खेपा होतात. एकदा भरलेली गाडी घेऊन हडपसरच्या गाडीतळाजवळ सिग्नलला थांबत असताना पेडलखाली खडखड झाली, पेडल पायाला उलटे ढकलू लागले आणि गाडी हातभर सरकून पुढच्या रिक्षाला टेकली. रस्ता कोरडा होता, वेग सायकलीइतकाही नव्हता आणि मीटरवर एकही दिवा लागलेला नव्हता. रिक्षावाल्याचे पाचशे रुपयांत समाधान झाले, शेजारी बसलेल्या मेहुण्याचे मात्र झाले नाही. ‘दाजी, तुमचा पाय सैल पडतो,’ हे वाक्य त्याने त्या दिवशी उच्चारले आणि पुढे प्रत्येक लग्नकार्यात पाहुण्यांना ऐकवले.

महिन्याभरात दिवाही लागू लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, त्याने मागच्या उजव्या सेन्सरचे नाव सांगितले, सेन्सर बदलला, आठ दिवसांनी दिवा परत आला, म्हणून पुन्हा तोच सेन्सर बदलला. दोन्ही वेळा पैसे आमचेच गेले. स्कॅनर त्या चाकाकडून येणारा संकेत बिघडला आहे एवढेच सांगतो. बिघाड सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये आहे, चाकाबरोबर सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातेरी रिंगमध्ये आहे की बेअरिंगच्या खेळामध्ये आहे, हे शोधणे फिटरचे काम आहे आणि पुष्कळसे फिटर ते करत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा मेहुण्याने फ्यूज काढला. आमच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटून देणारी ईबीडी यंत्रणा एबीएसच्याच युनिटमध्ये आहे, त्यामुळे पिवळ्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही कायमचा लागला. त्यावर त्याने काळी टेप चिकटवली. ब्रेक ऑईल कमी झाल्याची सूचनाही तोच तांबडा दिवा देतो, हे त्याच्या ध्यानात आले नाही. पुढे मागच्या एका व्हील सिलिंडरमधून ऑईल झिरपत राहिले आणि सासवडहून अंजिराची रोपे घेऊन दिवे घाट उतरताना पेडल खाली जाऊ लागले. पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढत गाडी पायथ्याला आणली. त्या दिवशी स्टीअरिंगवर मेहुणाच होता, म्हणून कोणाचा पाय सैल पडला हा विषय निघाला नाही.

भोसरीच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षे इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केले आहे, तरी स्वतःच्या गाडीला मल्टीमीटर लावायला मला हा घाट उतरावा लागला. सिलिंडर बदलून घेतला, फ्यूज परत बसवला आणि एका रविवारी मागचा अ‍ॅक्सल घोड्यांवर घेतला. दोन्ही मागच्या सेन्सरचा रोध साधारण ११०० ओहम भरला, म्हणजे सेन्सरमधल्या तारेच्या दोन्ही कॉइल शाबूत होत्या. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाके हाताने सारख्या वेगाने फिरवली, तर डावीकडे ०.४ व्होल्ट आले आणि उजवीकडे ०.१ सुद्धा धड येईना. सेन्सर काढला, तेव्हा त्याच्या चुंबकी टोकाला लोखंडी कीस दाढीसारखा चिकटला होता आणि ब्रेकमागच्या पत्र्यावर (बॅक प्लेटवर) सेन्सर बसतो त्या बैठकीवर गंजाचा पापुद्रा फुगून सेन्सर जवळजवळ एक मिलिमीटर वर उचलला गेला होता. गॅरेजने दोनही वेळा नवा सेन्सर त्याच गंजावर बसवला होता. पॉलिश पेपरने बैठक घासली, रिंगच्या दातांतली माती ब्रशने काढली आणि टोक पुसून सेन्सर परत लावला. खर्च पंधरा रुपये.

या जातीच्या सेन्सरमध्ये चाक जितके हळू फिरते तितका संकेत क्षीण होतो, आणि सेन्सर आणि रिंग यांतले अंतर वाढले की गाडी थांबण्याच्या बेताला तो नाहीसाच होतो. युनिटला वाटते की चाक जाम झाले, म्हणून ते मागच्या ब्रेकचा दाब सोडते, आणि पेडलखाली तीच खडखड होते. रिकाम्या गाडीत बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात, म्हणून हा प्रकार फारसा जाणवत नाही. हौदा भरलेला असला की जाणवतो.

आता आपल्या गाडीविषयी. चावी फिरवल्यापासून, गाडी जागची न हलताच दिवा लागून राहत असेल, तर आधी वायर आणि कपलर पाहा, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ वायर घासली जाते तेथे. थोडे अंतर गेल्यावर लागत असेल, तर सेन्सरची बैठक, रिंगची तडा गेलेली कड आणि हबमधला खेळ पाहा. चारही टायर एका मापाचे नसले तरी दिवा लागतो. केवळ पिवळा दिवा असेल, तर साधे ब्रेक काम करतात, त्यामुळे अंतर राखून गॅरेजपर्यंत जाता येईल. तांबडाही लागला असेल, तर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक ऑईल तपासा, आणि ते भरलेले असूनही दिवा विझला नाही, तर गाडी चालवू नका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ओहम मोजण्याची माझी रीत जुन्या, कॉइलच्या सेन्सरलाच लागू पडते. आपल्या गाडीत हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, सेन्सर असेल, तर त्यावर ओहम मोजू नका. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र लावून गाडी हळू थांबवा आणि कोणता आकडा इतरांच्या आधी शून्यावर जातो ते पाहा.

आणि हेही लिहितो, कारण मेहुणा हे वाचणार आहे. गाडीतळाला खडखड होताच मी दचकून पेडलवरचा दाब खरोखरच कमी केला होता. तो कमी केला नसता, तर पुढच्या ब्रेकवर गाडी बहुधा रिक्षाच्या अलीकडे थांबली असती.