सहलीचे पैसे वसूल करताना

“आम्ही एरवी बरे असतो. फिरायला गेलो की भांडतो.” मुलांच्या सुट्ट्या संपल्या की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. बाबांच्याही असतं, फक्त ते जरा उशिरा आणि खालच्या आवाजात येतं. तक्रार किरकोळ वाटते, म्हणून बहुतेक जण ती दुसऱ्याच कुठल्या तरी विषयाच्या शेपटाला बांधून आणतात. ही केस मात्र थेट त्याच विषयाची होती. (घरातल्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाई पुण्यातल्या, बँकेत अधिकारी, चाळिशीच्या आतल्या. घरात नवरा, पाचवीतला मुलगा, बालवाडीतली मुलगी आणि सासूबाई. आल्या आल्या त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं होतं आणि त्यासाठी एक्सेलमध्ये तक्ता तयार होता. पहाटे पावणेसहाला उठण्यापासून रात्री घरी येऊन अंथरुणं घालण्यापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे कप्पे. प्रत्येक राइडपुढे ‘रांग’, ‘राइड’, ‘फोटो’ असे तीन रकाने. ‘बाथरूम’ दिवसातून दोनदा, दहा मिनिटं.

मी विचारलं, “आणि तिसऱ्यांदा लागली तर?”

त्या हसल्या नाहीत. “म्हणूनच तुमच्याकडे आलेय. मला आत्तापासूनच धडधडतंय.”

धडधडीला कारण होतं. आदल्या वर्षी ही मंडळी अशाच एका मोठ्या पार्कला गेली होती. भर मे महिना, त्यात रविवार. थोरला ज्या राइडसाठी तासभर रांगेत उभा राहिला तिथे धाकटीची उंची कमी भरली. ती रडायला लागली म्हणून आई तिला घेऊन रांगेबाहेर, आईच्या मागे बाबा बाहेर आणि बाबांच्या मागे थोरलाही. “तू जा ना एकटा,” असं कोणीतरी म्हणालं, पण तो गेला नाही, गाल फुगवून बसला. जेवायला अडीच वाजले. सासूबाई दिवसभर एका बाकावर, सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन. संध्याकाळी कोणाच्या पायांत त्राण नव्हतं, तरी “एवढं तिकीट काढलंय, उरलेल्या तरी करून घेऊ” म्हणत पुन्हा रांगा. परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलेना. नवऱ्याचं एक वाक्य मात्र बाईंच्या डोक्यात रुतून बसलं होतं: “एवढे पैसे घालून आणलं आणि तोंडं बघा सगळ्यांची!”

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की ते कोणा एकाचं वाटतच नाही. त्यात एक हिशेब दडलेला असतो: तिकिटाचे पैसे दिले, म्हणजे तेवढ्या राइड्स आणि तेवढा आनंद परत मिळायला हवा. मी त्यांना हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांचा 1985 सालचा एक प्रयोग सांगितला. लोकांना विचारलं होतं की समजा, तुम्ही मिशिगनच्या स्कीइंग सहलीचं 100 डॉलरचं तिकीट काढलंय, मग विस्कॉन्सिनच्या सहलीचं 50 डॉलरचं काढलंत. विस्कॉन्सिनला जास्त मजा येईल असं तुमचंच मत आहे. नंतर लक्षात आलं की दोन्ही सहली एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि तिकीट परत करता येत नाही. आता कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी मिशिगन निवडलं. मजा कमी, पण तिकीट महाग. खरं तर पैसे दोन्हीकडचे गेलेलेच होते.

बाई बँकेतल्याच, त्यामुळे मला पुढे समजावावं लागलं नाही. “म्हणजे बुडीत कर्ज वसूल होईल या आशेवर त्यालाच आणखी कर्ज द्यायचं,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच थोडं हसू आलं.

पण नुसता हिशेब कळून धडधड जात नाही. मी विचारत गेले. मुलांना मजा नाही आली तर काय होईल? “दिवस फुकट जाईल.” गेला फुकट, मग? “मग काय, सासूबाई म्हणतील, उगाच नेलंस.” म्हणाल्या, तर? त्या जरा थांबल्या. “मी रोज सातला घरी येते. पोरांना वर्षातून एक असा दिवस देते. तोही मला धड देता येत नाही असं होईल.”

तक्त्यातले ते पंधरा-पंधरा मिनिटांचे कप्पे इथून आले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मी वापरते, कि. मो. फडके यांच्यामुळे ती महाराष्ट्रात बऱ्यापैकी रुजली आहे. एलिस यांचं म्हणणं साधं आहे. मुलांना मजा यावी अशी इच्छा असणं वेगळं आणि ती आलीच पाहिजे, नाहीतर मी आई म्हणून नापास, असा हट्ट धरणं वेगळं. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस खट्टू होतो. हट्ट पुरा झाला नाही की तो समोरच्यावर डाफरतो, आणि समोर बहुतेक वेळा भुकेलेलं, घामेजलेलं पाच वर्षांचं मूल असतं. त्या वयाचं मूल दुपारी दोनला रडतं ते उन्हानं आणि भुकेनं. आपण त्याला कृतघ्नपणा समजतो.

दोन बैठका यातच गेल्या. मग त्यांना एक गृहपाठ दिला. घरातल्या प्रत्येकाला एकेकट्याने विचारायचं, बाकीचे ऐकत नसताना: तुला तिथे काय एक गोष्ट हवी, आणि काय अजिबात नको? उत्तर आलं की वाद घालायचा नाही, लिहून घ्यायचं. “अगं, पण त्यापेक्षा ते छान आहे” हे तर मुळीच म्हणायचं नाही. हा गृहपाठ ऐकायला सोपा वाटतो. करायला जड जातो, विशेषतः सासूसमोर.

उत्तरं घेऊन पुढच्या वेळी नवरा-बायको दोघं आले. थोरल्याला फक्त नायट्रो हवा होता, म्हणजे पाय खाली लोंबकळत राहतात तो मोठा रोलर कोस्टर, आणि तो बाबांबरोबर. नको काय? “आईने फोटोसाठी थांबवायचं.” धाकटीला मेरी-गो-राउंडचा घोडा हवा होता, पांढरा. दुसरं काही तिला सुचेचना. नवऱ्याला काय हवं होतं तर सकाळी आठपर्यंत झोप. नको काय, हे सांगताना तो चाचरला. मग म्हणाला, तिथे पोचल्यावर दर पाच मिनिटांनी पाकीट काढायला नको. मागच्या वेळी लॉकर, फोटो, खेळणी, आइस्क्रीम करत किती गेले याचा आकडा तो दिवसभर मनात जुळवत होता आणि तोंडाने म्हणत होता, “घे गं, तुला हवं ते.” बायकोला हे आत्ता माझ्यासमोर कळत होतं.

सासूबाईंचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. “मला मुळात त्या पाळण्यांत काही नको. मला पालीला जायचंय.”

नकाशा पाहिलात तर यातली गंमत कळेल. इमॅजिका खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने पुढे गेलं की बल्लाळेश्वर, आणि खोपोलीजवळच महडचा वरदविनायक, अष्टविनायकांतले दोन. आपल्याकडे “आलोच आहोत तर” या तीन शब्दांनी जेवढ्या सहली नासल्या असतील तेवढ्या पावसानेही नासल्या नसतील. मूळ तक्त्यातही सकाळी महड, मग पार्क आणि परतताना पाली असं तिन्ही एका दिवसात कोंबलेलं होतं. आजींना देवळात घाईघाईने पुढे ढकललं जाणार होतं आणि मुलांची सकाळची सगळ्यात मोकळी वेळ गाडीत जाणार होती.

मी सांगितलं, तक्ता नव्याने करू नका. आधी काय सोडायचं ते ठरवा. महड सुटलं. तिथलंच वॉटर पार्क सुटलं, कारण ओले कपडे, टॉवेल आणि दुसऱ्या तिकिटाचा खर्च हे एका दिवसात मावणारं नाही. ज्याला पाण्यात खेळायचंय त्याने त्यासाठीच वेगळं जावं, हे माझं स्पष्ट मत आहे. रविवार सुटला. घाटातली शनिवार-रविवारची कोंडी पुणेकरांना आणि मुंबईकरांना वेगळी सांगायला नको. नोव्हेंबरअखेरचा बुधवार धरला. “शाळा बुडवायची?” नवऱ्याने विचारलं. पाचवीतल्या मुलाची दोन दिवस शाळा बुडाल्याने काही बिघडत नाही. ज्यांना बिघडतं असं वाटतं त्यांनी शाळेची वही एकदा उघडून पाहावी.

राहायचं एक रात्र, पार्कला लागूनच हॉटेल आहे तिथे. खर्च वाढला, हो. तो कसा भरून काढायचा यावर दोघांनी माझ्यासमोर अर्धा तास घासाघीस केली आणि मी मध्ये पडले नाही. शेवटी नवीन सोफा पुढच्या वर्षावर गेला. वरखर्चाची रक्कम आधीच ठरवून वेगळ्या पाकिटात ठेवायची आणि थोरल्याला त्यातलेच ठरावीक पैसे रोख द्यायचे, त्यात त्याने टोपी घ्यावी की आइस्क्रीम खावं हे त्याचं त्याने बघायचं. पाकीट बाबांच्या नाही, आजींच्या कमरेला.

उंचीचा प्रश्न घरातच सोडवायचा. राइडच्या उंचीच्या अटी पार्क आधीच सांगतं. धाकटीला भिंतीला उभं करून टेपने मोजायचं आणि कुठे बसता येईल, कुठे नाही, हे तिला तिथल्या तिथे दाखवायचं. बालवाडीतलं मूल घरच्या भिंतीपाशी ‘नाही’ ऐकून घेतं. तासभर रांगेत उभं राहिल्यावर ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगितली: निघायचं कधी, ते आधीच ठरवा, आणि सगळे ताजेतवाने असतानाच निघा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा प्रयोग आहे. लोकांना एकदा 14 अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, पण त्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. तिसऱ्यांदा कुठला प्रकार हवा म्हटल्यावर बहुतेकांनी दुसरा निवडला, म्हणजे एकूण जास्त वेळ गारठणं पत्करलं. झालेली गोष्ट आपल्याला आठवते ती तिच्या सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून. ती किती वेळ चालली याला आठवणीत फारसं मोल नसतं. आदल्या वर्षी यांनी शेवटचे दोन तास थकलेल्या पायांनी रांगेत घातले होते आणि मुलांना सहल तेवढीच आठवत होती.

डिसेंबरमध्ये बाई एकट्या आल्या. सगळं सुरळीत झालं का? छे. थोरला नायट्रोच्या रांगेत अगदी पुढे पोचला आणि घाबरून परत फिरला. बाबा काही बोलला नाही. हे आम्ही आधी बोलून ठेवलं होतं, तेवढं त्याने पाळलं. दोघांनी सरबत प्यायलं, तासाभराने मुलगा आपणहून म्हणाला, “चला,” आणि मग तो दोनदा बसला. धाकटी पांढऱ्या घोड्यावर बसली, उतरली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. किती वेळा ते बाईंनी मोजलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, “मोजायचं नाही असं ठरवलं होतं.” आजी दुपारभर खोलीत झोपल्या, चारनंतर परेड बघायला आल्या आणि पाकीट सांभाळण्यात इतक्या कडक निघाल्या की मुलाला पाच रुपयेही वर मिळाले नाहीत. भांडण झालं, पण ते बाबांच्या घोरण्यावरून, रात्री, आणि सकाळी कोणाला आठवलंही नाही. दुसऱ्या दिवशी पाली. आजींना हवं तेवढा वेळ देवळात, बाकीचे बाहेर झाडाखाली.

निम्म्या राइड्स राहिल्या. नवरा एकदा म्हणालाच, “तसे पैसे वसूल नाही झाले.” बाई म्हणाल्या, “मी ऐकून घेतलं. उत्तर नाही दिलं. धडधडलं मात्र थोडंसं.”

मग पर्समधून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. मे महिन्यात नणंदेकडे देवगडला जायचं ठरतंय. चौदा माणसं, आठ दिवस, एकच बाथरूम. आम्ही पुढच्या गुरुवारची वेळ ठरवली.