वातड आणि कोरडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (स्लो कुकरमधलं पोर्क)

स्लो कुकरमधल्या (तासन्तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) पोर्कबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच ओळख पटली. पहिल्या वेळी तुम्ही घेतला तीन पौंडांचा पोर्क लॉइन (पाठीचा भाग), हायवर (कुकरची जास्त आच; कमी ती लो) सहा तास, मांस पूर्ण बुडेल इतका चिकन स्टॉक, आणि हाती आला कोरडा चोथा. दुसऱ्या वेळी साडेचार पौंडांचा खांद्याचा तुकडा, 'मागच्या वेळी जास्त शिजलं' म्हणून हायवर पाचच तास, दर तासाला झाकण उघडून पाहणं, आणि ते निघालं वातड. आता तुम्ही विचारताय की कुकर बिघडलाय का, की पोर्क या भांड्यात होतच नाही.

दोन्ही नाही. तुमच्या दोन चुका एकमेकींच्या उलट आहेत. पहिलं मांस फार शिजलं, दुसरं कमी शिजलं. खाताना दोन्ही 'कडक'च लागतात, म्हणून एकीवरचा उपाय आपण दुसरीवर करतो. मलाही सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, म्हणून कांदा कसा चिरायचा वगैरे सोडून देते आणि इथेच थांबून लिहिते.

ओळखायचं कसं? काटा खुपसून फिरवा. खांद्याचा तुकडा कच्चट असेल तर काटा आत जातो, पण फिरत नाही, मांस त्याला धरून ठेवतं. हाड हलवलं तर घट्ट असतं, आणि स्नायूंच्या मधे पांढरट चकचकीत पापुद्रे स्पष्ट दिसतात. हे वातड. याला अजून वेळ हवा, तासभर, कधी दोन तास. उलट लॉइन फार शिजला असेल तर काटा सहज फिरतो, धागे सुटे होतात, पण चावलं की प्रत्येक धागा कापसासारखा कोरडा. याला काहीच इलाज नाही. पातळ काप काढून रश्शात घालून खाणं एवढंच उरतं. आणखी शिजवाल तर आणखी बिघडेल.

कारण जनावराच्या शरीरातच आहे. लॉइन म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा स्नायू. त्याला कष्ट कमी, त्यामुळे आत चरबी कमी आणि स्नायूंना बांधणारं कोलॅजनही कमी. खांदा दिवसभर वजन पेलतो, म्हणून त्यात दोन्ही भरपूर. साधारण ७१ अंश सेल्सियसच्या (१६० फॅरनहाइट) पुढे हे कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला लागतं, पण सावकाश, तासांच्या हिशेबाने. पायाचं सूप प्यायल्यावर ओठ चिकटतात ना, तोच हा पदार्थ. पाणी खांद्याच्या मांसातूनही निघून जातं, पण जिलेटिन आणि वितळलेली चरबी धाग्यांना लपेटून राहते, म्हणून ते रसाळ लागतं. लॉइनमध्ये लपेटायला काही नसतंच. वरून कितीही स्टॉक ओता, उष्णतेने आकसणारे धागे आतलं पाणी बाहेर ढकलतात, बाहेरचं आत घेत नाहीत. चिकनच्या छातीचा तुकडा आणि तंगडी एकाच रश्शात तासभर उकळून पाहा, हाच फरक दिसेल.

आता जरा राग काढते. अमेरिकेतल्या दुकानांत लॉइन आणि खांदा, दोन्हींच्या पाकिटांवर 'रोस्ट' असं ठळक छापलेलं असतं. एका मोठ्या दुकानाच्या मांसाच्या काउंटरवर खांदा मागितल्यावर मला दोनदा ऐकवलं गेलं की लॉइन घ्या, चरबी कमी, बाकी काही फरक पडत नाही. त्याच दुकानात फुकट वाटायच्या पाककृतीच्या कार्डावर साहित्यात 'पोर्क रोस्ट, ३ पौंड' एवढंच, कोणता भाग त्याचा पत्ता नाही. नवख्या माणसाने यातून काय समजायचं? तुम्ही पाकिटावर 'बॉस्टन बट', 'पोर्क बट' किंवा 'शोल्डर' हे शब्द शोधा. नावात बट असलं तरी तो मागचा भाग नव्हे, खांद्याचा वरचा भाग आहे. 'पिकनिक' म्हणजे त्याच खांद्याचा खालचा भाग, बहुधा कातडीसकट. तोही चालतो, फक्त कातडी आधी काढा, नाहीतर ती ओलसर रबरासारखी होते. टेंडरलॉइन (लॉइनच्या आतल्या बाजूचा बारीक लांबट तुकडा) तर लॉइनहून नाजूक, तो या भांड्यात अजिबात नको.

पाकिट उलटून बारीक अक्षरंही वाचा. अमुक टक्के द्रावण घातल्याचं लिहिलेलं असेल तर त्या मांसात मिठाचं पाणी आधीच टोचलेलं आहे. तसं असेल तर खाली दिलेलं मीठ निम्मं करा आणि खारा स्टॉक वापरू नका.

तापमानाचं गणित. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान १४५ फॅरनहाइट (६३ सेल्सियस) आणि वर तीन मिनिटं विश्रांती असं ठरवलं. ते पोट बिघडू नये म्हणून आहे, मांस मऊ व्हावं म्हणून नाही. खांदा १६५ ला सुरक्षित असतो आणि वातडही असतो. तो सुटायला लागतो १९५ ते २०५ च्या दरम्यान (९० ते ९६ सेल्सियस). म्हणजे आधी भाग चुकीचा, आणि भाग बरोबर घेतला तर आकडा चुकीचा, असं तुमचं झालं. पंधरा-वीस डॉलरचा टोकदार थर्मामीटर घ्या आणि हाडाला न टेकवता मधोमध खुपसा. याहून उपयोगी खर्च मला सुचत नाही.

लो आणि हाय यांबद्दलही गैरसमज फार. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही शेवटी जवळपास एकाच तापमानाला, उकळीच्या अलीकडे पोचतात, हाय तिथे लवकर पोचतो इतकंच. खांद्यासाठी मी लोच सुचवेन, कारण तुकड्याच्या मध्यापर्यंत उष्णता जाईतो बाहेरचा भाग झिजत नाही. साडेचार पौंडांना लोवर नऊ ते दहा तास धरा. हायवर करायचंच असेल तर सहा-सात. झाकण एकदा उघडलं की वीस ते तीस मिनिटं वाढवा. तुम्ही पाच तासांत चारदा उघडलंत, म्हणजे प्रत्यक्षात ते मांस तीन-साडेतीन तासच नीट शिजलं.

आता कृती. मी हे सहा क्वार्टच्या (साधारण पावणेसहा लिटर) लंबगोल कुकरच्या हिशेबाने सांगतेय, तुमचा लहान असेल तर मांस त्या प्रमाणात कमी करा. भांडं अर्ध्याहून जास्त आणि दोन-तृतीयांशाहून कमी भरलेलं असावं.

चार पौंडांचा (१.८ किलो) हाडासकट खांदा. वरची चरबी पाव इंच ठेवून बाकीची कापा. दोन मोठे चमचे पाप्रिका, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर किंवा किसलेला गूळ, दोन लहान चमचे जिरेपूड, दोन लहान चमचे ताजी भरडलेली मिरी, दोन लहान चमचे लसूण पावडर आणि १८ ग्रॅम मीठ. मीठ मी मुद्दाम वजनात सांगतेय. साध्या बारीक मिठाचे ते तीन लहान चमचे, पण कोशर मीठ (जाड दाण्याचं) ब्रँडप्रमाणे चार ते सहा चमचे भरतं. चमच्याने मोजून इथे बरेच जण फसतात. हे सगळं मांसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

सकाळी जाड तव्यात थोड्या तेलावर सगळ्या बाजू तांबूस करून घ्या, एकूण दहा-बारा मिनिटं. ही पायरी टाळली तर मांस शिजेल, पण भाजल्याचा खमंगपणा येणार नाही, कारण कुकरच्या वाफेत काहीही तांबूस होत नाही. साखर करपते, म्हणून आच मध्यम ठेवा. त्याच तव्यात दोन कांद्यांचे जाड काप पाच मिनिटं परता, अर्धी वाटी पाणी घालून तळाला चिकटलेलं खरवडून घ्या. कांदे कुकरच्या तळाशी, वर मांस चरबीची बाजू वर करून, आणि पाव कप सफरचंदाचं व्हिनेगर. बास. आणखी पाणी नको. झाकणाखालून वाफ फारशी बाहेर जात नाही आणि मांस स्वतःच दीड-दोन कप रस सोडतं. बुडवून शिजवलं की चव पाण्यात जाते.

बटाटे-गाजरं घालायची तर तळाशी, कडेला लागून, कारण उष्णता तिथून येते. मांसावर ठेवलेला बटाटा दहा तासांनीही टणक निघू शकतो, आणि व्हिनेगरमुळे तर तो आणखी हट्टी होतो. दही, क्रीम, नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटतं. राजमा घालणार असाल तर कोरडा कधीही नको. भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान अर्धा तास गॅसवर खळखळ उकळून मगच घाला. त्यातलं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) मंद उष्णतेत नष्ट होत नाही आणि पोट वाईट बिघडतं. गंमत अशी की हे भांडं मुळात कडधान्यासाठीच बनलं. अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं, आणि पुढे १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने तेच क्रॉक-पॉट नावाने बाजारात आणलं.

मांस झालं की बाहेर काढून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग दोन काट्यांनी सोडवा आणि चरबीचे मोठे गोळे काढून टाका. रस गाळून दहा मिनिटं स्थिर ठेवा, वरची चरबी पळीने काढा आणि उरलेला रस पसरट पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा. ही आटवण्याची पायरी बहुतेक कृतींत नसते आणि म्हणूनच ते जेवण पाणचट लागतं. आटवलेला रस थोडा थोडा मांसात मिसळा, मीठ आता चाखा. कडा कुरकुरीत आवडत असतील तर ताटात पसरून ओव्हनच्या ब्रॉयलरखाली (वरून येणाऱ्या कडक आचेखाली) चार-पाच मिनिटं. सहा जणांना पुरेल. हाड आणि आटणं धरून कच्च्या वजनाच्या जेमतेम निम्मं उरतं, तेव्हा पाहुण्यांचा हिशेब त्यावर करा.

गोव्याकडची चव हवी असेल तर हाच भाग विंदालूला उत्तम. एक किलो खांदा दोन इंची तुकड्यांत, दहा-बारा काश्मिरी मिरच्या, बारा पाकळ्या लसूण, इंचभर आलं, जिरं, मिरी, पाच लवंगा आणि दालचिनी पाव कप व्हिनेगरमध्ये वाटून रात्रभर मुरवा. माडाचं व्हिनेगर मिळालं तर सोनं. पण वाटण कच्चं कुकरमध्ये टाकू नका. कांदा तांबूस परतून त्यात तेल सुटेपर्यंत वाटण परता, मग मांस, आणि पाणी शून्य. लोवर सहा-सात तास. बटाटा घालू नका: नावातलं 'आलू' पोर्तुगीज 'आल्योश' म्हणजे लसणावरून आलंय. दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं.

भारतात परतणाऱ्यांनी अमेरिकन कुकर उचलून नेऊ नये. तो १२० व्होल्टचा असतो, २३० वर जळतो. त्यापेक्षा घट्ट झाकणाचं जाड पातेलं १३० सेल्सियसच्या ओव्हनमध्ये चार-साडेचार तास ठेवा, मांस तेच होतं.

मी काही अन्नसुरक्षेची तज्ज्ञ नाही, पण एवढं पाळाच: गोठलेला तुकडा थेट कुकरमध्ये नको, वॉर्मवर (ही फक्त अन्न गरम ठेवायची आच) शिजवायचं नाही, तुम्ही कामावर असताना वीज गेली असेल तर ते मांस फेकून द्या, आणि उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत रसासकट फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकतं. गरम गॅसवर करा, कुकरमध्ये नाही.

आणि तुमच्या फ्रीझरमध्ये जोडीतला दुसरा लॉइन पडलाय म्हणालात, तो वाया घालवू नका. दीड दिवस फ्रिजमध्ये ठेवून सोडवा, मीठ-मिरी-लसूण लावा, ३५० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये उघडाच ठेवा आणि पन्नास मिनिटांपासून थर्मामीटर लावायला लागा. मध्यभागी १४५ दिसलं की लगेच बाहेर, दहा मिनिटं थांबून धाग्यांना आडवे पातळ काप. आतून किंचित गुलाबी दिसेल. तसंच असायला हवं.