पिंक फ्लॉइडचा ट्रिब्यूट बँड: चौघांत जमेल का, आणि रेकॉर्डसारखं का वाटत नाही?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची गाणी हुबेहूब वाजवणारा बँड काढलाय; गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड असे चौघे आहात, गाणी पाठ आहेत, गिटारचा आवाज बदलणारे पेडलही भरपूर घेतलेत, तरी रेकॉर्डसारखं वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आणखी पेडल घेऊन फरक पडणार नाही. कमी आहेत ती माणसं आणि लय.

मूळ बँडनेही पुढच्या दौऱ्यांत चौघांवर भागवलं नाही. १९७७ साली स्नोई व्हाइट दुसऱ्या गिटारला आणि डिक पॅरी सॅक्सोफोनला सोबत होते. १९९४ च्या दौऱ्यात तर आठ वादक आणि तीन गायिका. तुम्हाला निदान दुसरा गिटारवाला आणि सॅक्सवाला हवाच. सगळी सोंगं आणता येतात, सॅक्सचं आणता येत नाही. कीबोर्डवरचा सॅक्स पहिल्याच सुराला उघडा पडतो. शिवाय 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' करणार असाल तर सॅक्सवाल्याकडे बॅरिटोन आणि टेनर असे दोन्ही सॅक्स लागतील, कारण सोलोच्या मध्यात लय बदलते तिथे वाद्यही बदलतं. टेनर स्टँडवर हाताशी ठेवायचा आणि ही अदलाबदल वेगळी घोटायची.

गळेही मोजा. 'टाइम'चे अंतरे गिटारवादक गिल्मरचे, मधला मऊ भाग कीबोर्डवादक रिक राइटचा. 'कम्फर्टेबली नम्ब'मध्ये अंतरे बेसवादक वॉटर्सचे, ध्रुवपद गिल्मरचं. म्हणजे पोताने वेगळे असे दोन गळे हवेत आणि कीबोर्डवाला गाणारा असेल तर सोन्याहून पिवळं. एकाच माणसाने सगळं गायलं की गाण्यातला संवादच जातो.

आता लय. बहुतेक ट्रिब्यूट बँड इथेच घसरतात: ही गाणी संथ आहेत आणि स्टेजवर हात पळतात. इतर बँडमध्ये ते खपून जातं, इथे नाही, कारण गिटारचा डिले (सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा परिणाम) लयीला बांधलेला असतो. हिशोब सोपा आहे. ६०,००० ला टेम्पोने (मिनिटाला किती मात्रा) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात; त्याच्या पाऊणपटीवर डिले लावायचा. 'रन लाइक हेल' ११७ च्या आसपास धरलं तर ५१३ ची पाऊणपट, म्हणजे ३८५. ड्रमर जोशात १२२ वर गेला तर हवे असतात ३६९. प्रत्येक आवर्तनाला १६ चा फरक, तिसऱ्या आवर्तनाला ४८, आणि एव्हाना गिटार अडखळल्यासारखी ऐकू येते. प्रेक्षकांना कारण कळत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे कळतं. म्हणून असल्या गाण्यांना ड्रमरच्या कानात क्लिक (मेट्रोनोमची टकटक) हवाच.

'मनी' मात्र अपवाद. सात मात्रा म्हटल्यावर रूपक डोक्यात येतो, पण तो बाजूला ठेवा: रूपकाची सम खाली असते, इथे पहिली मात्रा सगळ्यात वजनदार. सॅक्सचा सोलो सातातच आहे. गिटारचा सोलो सुरू झाला की चार मात्रा, आणि तो संपला की परत सात. रेकॉर्डवर गल्ल्याच्या आवाजाची लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) बँड सुरू झाल्यावर हळूहळू विरते आणि सोलोत टेम्पो चढतो. तुम्हीही तसंच करा. लूप विरली की क्लिक बंद. शेवटपर्यंत क्लिक ठेवला तर सोलो पेंगतो. आणखी एक: गिटार सोलोचा मधला भाग जवळपास कोरडा आहे, डिले आणि रिव्हर्ब (घुमारा) बंद. तिथे पाय पेडलवर वेळेत पडला नाही तर पुढच्या भागाचा स्फोट फुकट जातो.

पेडलांबद्दल थोडंच. अँप स्वच्छ ठेवा, डिस्टॉर्शन (फाटका आवाज) पेडलमधून घ्या आणि डिले त्यानंतर लावा. डिले आधी आला किंवा अँपच करकरत असला तर प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा फाटतो आणि नुसता लगदा होतो. बिग मफ हा डिस्टॉर्शनचा पेडल घरी एकट्याने वाजवताना भारी वाटतो. बँडमध्ये गायब होतो, कारण त्यात मधल्या पट्टीचे सूर दबलेले असतात. मफनंतर इक्वलायझर लावून ८०० हर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल वाढवा. मोठ्या हॉलमध्ये डिलेची आवर्तनं कमी करा, हॉलचा घुमारा असतोच. 'अनदर ब्रिक'च्या सोलोत तार दोन-दोन स्वर ओढायची असते. तारांचा १० ते ४८ चा संच घेतला (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात: १०, १२, १६, २८, ३८, ४८) तर वरच्या तारा वाकतात आणि खालच्या भरीव राहतात. नटच्या (गिटारच्या गळ्याच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, नाहीतर ओढलेली तार परत सुरात बसत नाही.

घड्याळं, नाणी, हेलिकॉप्टर हे आवाज रेकॉर्डवरून कापू नका. हक्कांचा प्रश्न आहेच, पण मागे दडलेली वाद्यंही सोबत येतात आणि तुमच्या वाजवण्यावर चढतात. स्वतः ध्वनिमुद्रित करा. लॅपटॉपच्या डाव्या आउटपुटला आवाज, उजव्याला क्लिक, आणि केबलींवर ठळक खुणा. उलट जोडल्या तर क्लिक सभागृहात वाजतो. वायफाय आणि नोटिफिकेशन बंद, तीच फाइल दुसऱ्या प्लेअरवर तयार. फाइल सुरू करणं ड्रमरच्या हातात द्या.

'ग्रेट गिग इन द स्काय' गायिका मिळेपर्यंत यादीत घेऊ नका. मूळ गायिका क्लेअर टॉरीने रेकॉर्डवर जे केलं ते रोज एकटीने पेलणं कठीण. १९९४ च्या दौऱ्यात तिघी ते वाटून गात. तुम्हाला दोघी मिळाल्या तर पहिला जोरकस भाग एकीला आणि नंतरचा हळुवार भाग दुसरीला द्या.