एकटीने फिरताना: निघून येण्याची सोय आधी बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कामानिमित्त परदेशी चालली आहेस, काम आटोपल्यावर काही दिवस एकटीच फिरणार आहेस, घरचे धास्तावलेत, आणि सुरक्षिततेसाठी बरोबर काय न्यावं याची यादी तुला हवी आहे. शेवटी जाता जाता विचारलंयस की अनोळखी माणूस चांगलं बोलत असताना त्याला तोंडावर नाही म्हटलं तर उद्धटपणा दिसतो का. तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीतच लिहिते. वस्तूंकडे येईनच, पण मला तो शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

कुठे आणि कोणत्या तारखांना जाणार ते इथे लिहिलं नाहीस, हे उत्तम केलंस. प्रवासातही तसंच ठेव. फोटो टाकायचे तर ते गाव सोडल्यावर टाक. खोलीच्या खिडकीतून दिसणारा रस्ता त्याच संध्याकाळी सगळ्यांना दाखवला, तर आपण कुठे उतरलोय ते शोधायला कुणाला फार कष्ट पडत नाहीत.

माझी सगळी खबरदारी एकाच गोष्टीभोवती फिरते. ज्या जागी मी आहे तिथून मला वाटेल त्या क्षणी, कुणालाही न विचारता, निघता आलं पाहिजे. गाडीतून, खोलीतून, जेवणाच्या टेबलावरून, गप्पांमधूनही. पैसे कुठे ठेवायचे, कोणत्या वेळी पोचायचं, हॉटेल कुठलं घ्यायचं, हे सगळं मी याच कसोटीवर ठरवते. 'हा देश सुरक्षित, तो धोक्याचा' अशा याद्यांवर मी फारशी विसंबत नाही. शांत म्हणून नावाजलेल्या शहरातही अनोळखी माणसाच्या गाडीत बसून दार लागलं की निर्णय आपल्या हातात राहत नाही.

आता तुझ्या 'नाही' कडे येते. एका लांबच्या रेल्वेप्रवासात समोर एक गृहस्थ होते. नीटनेटके, बोलायला गोड. उतरायची वेळ जवळ आली तसं त्यांनी विचारलं, "घ्यायला कोण येणार आहे?" मी म्हटलं, "ऑफिसचे लोक." (येणार कुणीच नव्हतं. अशा वेळी खोटं बोलायला मी अजिबात कचरत नाही, तूही कचरू नकोस.) "मी सोडतो की, माझी गाडी आहे." "नको, धन्यवाद." "अहो, त्यात काय एवढं?" "नको, खरंच." मग आवाज जरा दुखावलेला: "घाबरता की काय मला? तुमच्याएवढी बहीण आहे मला." मी बॅग उचलली आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला, मुलंबाळं घेऊन बसलेल्या कुटुंबाजवळ जाऊन उभी राहिले.

त्या माणसाच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. माझं पहिलं 'नको' त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या वेळी त्याने ते माझ्यावरच उलटवलं, जणू मी नकार देऊन त्याचा अपमान केला. मला तेवढं पुरे होतं. त्याच स्टेशनावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनीही विचारलं होतं, काही मदत हवी का. मी नको म्हटल्यावर ते "बरं" म्हणाले, बसथांब्याची पाटी कुठे आहे ते लांबूनच बोटाने दाखवलं आणि आपल्या वाटेने गेले. ज्याला खरोखर मदत करायची असते तो निर्णय तुझ्यावर सोडतो.

म्हणून छोट्या गोष्टीत नाही म्हणून बघायचं. "बॅग मी धरतो" ला नाही. "आणखी एक घ्या" ला नाही. "नंबर द्या ना" ला नाही. समोरच्याने ते सहज घेतलं तर गप्पा चालू ठेवायला माझी काहीच हरकत नसते, प्रवासातल्या कितीतरी चांगल्या ओळखी अशाच झाल्या आहेत. पण त्याने घोळ घातला, कारण मागितलं, लाज काढली, की तिथून उठायचं. कारण द्यायचंच नाही. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो. 'उशीर झालाय' म्हटलं तर 'मी सोडतो', 'थकलेय' म्हटलं तर 'दहाच मिनिटं'. 'नको' नंतर पूर्णविराम. उद्धट दिसलीस तर दिसू दे. पुन्हा भेटणार नसलेल्या माणसाच्या मनात आपल्याविषयी चांगलं मत राहावं म्हणून बायका किती धोका पत्करतात, हे बघून मला फार वाईट वाटतं.

ही कसोटी बायकांनाही लाव. स्टेशनाबाहेर "तुमचं हॉटेल बंद झालंय, मी दुसरीकडे नेते" असं सांगणारी बाईही असू शकते. हॉटेल बंद झालंय की नाही ते फोन करून स्वतः विचारायचं, आणि तो नंबर आपल्या बुकिंगवरचा, तिने दिलेला नव्हे.

पोचण्याची वेळ. यावर मी पैसे खर्च करते आणि तूही कर. नव्या गावात पहिल्यांदा उतरायचं ते उजेडी. रात्री उशिरा पोचणारं विमान स्वस्त पडतं, पण अनोळखी जागी, दमलेलं अंग, फोनची बॅटरी संपत आलेली, हातात सामान, रस्ते रिकामे, असं सगळं एकदम अंगावर येतं. दुसरा इलाज नसेल तर पहिल्या रात्रीपुरतं विमानतळाजवळचं हॉटेल घ्यायचं आणि सकाळी गावात जायचं. खोलीपर्यंतचा रस्ता नकाशावर आधी बघून ठेव आणि त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घे, म्हणजे नेटवर्क नसलं तरी अडत नाही.

सामान इतकंच, की सगळं एकटीने उचलून जिना चढता येईल आणि एक हात मोकळा राहील. १८८९ मध्ये नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार जगप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा तिलाही आधी ऐकवलं गेलं होतं की बाईमाणसाला सोबतीला कुणीतरी लागेल आणि सामान ढीगभर लागेल. ती एक लहान हातबॅग घेऊन एकटी निघाली आणि ७२ दिवसांत परत आली.

टॅक्सीत बसण्याआधी गाडीचा नंबर ॲपमधल्या नंबराशी ताडून बघ. "तुम्ही अमुकच ना?" असं आपण विचारायचं नाही, नाव त्याला सांगू दे. मागे बस, पट्टा लाव. पट्ट्याचं मुद्दाम लिहितेय, कारण आपण सगळी भीती माणसांची धरतो आणि वाहनांची विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावरच्या अपघातात जातात. रात्रीचा घाटरस्ता, झोपाळलेला ड्रायव्हर, हेल्मेटशिवाय भाड्याची स्कूटर, यांनाही 'नको' म्हणायचं.

हॉटेलात खोलीचा नंबर रिसेप्शनवर मोठ्याने उच्चारला गेला आणि मागे माणसं उभी असतील, तर दुसरी खोली माग. यात संकोच नको, चांगल्या हॉटेलात कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. तळमजला टाळ, पण फार वरचाही नको, आग लागली तर खाली येता यायला हवं. खोलीत गेल्यावर आधी दार, खिडकी आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर ते, सगळ्यांच्या कड्या लावून बघ. मग बाहेर येऊन जिना कुठे आहे ते चालत जाऊन बघ.

एका हॉटेलात रात्री दहाच्या पुढे दार वाजलं. "एसी बघायचाय मॅडम, रिसेप्शनने पाठवलंय." मी दार न उघडता म्हटलं, "थांबा, खाली विचारते." खोलीतल्या फोनवरून विचारलं, तर त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. तोवर पावलांचा आवाज लांब गेला होता. मी खोली बदलून मागितली आणि सामान न्यायला त्यांचा माणूस येईपर्यंत कडी काढली नाही. दार वाजलं तर आधी खाली फोन, हा माझा नियम त्याच्याही आधीपासूनचा आहे. तेव्हा तो तसा नसता, तर झोपेच्या भरात मी दार उघडलं असतं.

आता वस्तू. दाराखाली सरकवायची रबरी पाचर मी नेहमी नेते. पण ती दार आत उघडत असेल तरच उपयोगाची, बाहेर उघडणाऱ्या दाराला तिचा काही फायदा नाही. प्रवासी कुलपांचंही बहुतेक तसंच. पाचर रात्री लाव आणि तिचा जोर घरीच एखाद्या दारावर बघून घे, गुळगुळीत फरशीवर काही पाचरी घसरतात. पिन ओढली की कर्कश वाजणारा छोटा अलार्म चांगला. पेपर स्प्रेचं मात्र नीट चौकशी करून ठरव. विमानात हातातल्या बॅगेत तो कुठेच चालत नाही, आणि ब्रिटनमध्ये तर तो जवळ बाळगणं हाच १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय बंद जागेत किंवा उलट्या वाऱ्यात तो आपल्याच डोळ्यांत जातो. त्या पैशांत मी दुसरी पॉवर बँक घेईन. ती मात्र हातातल्याच बॅगेत ठेवायची, चेक-इन सामानात नाही.

दोन कार्डं दोन वेगळ्या जागी, थोडी रोकड तिसऱ्या जागी. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि घरच्या एका माणसाकडे.

फोनची तयारी घरी असतानाच कर, गरज पडेल तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की आपत्कालीन सेवेला फोन जातो, आयफोनवरही बाजूच्या बटणाची तशी सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू आहे का बघ आणि घरच्यांचे नंबर त्यात घाल. युरोपभर ११२ चालतो, भारतातही तोच. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. जिथे जाणार तिथला नंबर पाठ कर. सिम नसलं तरी आपत्कालीन फोन लागतोच, हा समज सगळीकडे खरा नाही. जर्मनीत त्यासाठी चालू सिम लागतं.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं आणि मग आपोआप बंद पडतं. रात्रभराच्या प्रवासात पहाटे ते दिसेनासं झालं की घरी रडारड होते, तेव्हा आधीच सांगून ठेव. आणखी एक, 'अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतोय' अशी सूचना फोनवर आली तर दुर्लक्ष करू नकोस. ट्रॅकर म्हणजे आपण कुठे आहोत ते दुसऱ्याला कळवणारं छोटं यंत्र, कुणी गुपचूप सामानात टाकलेलं असू शकतं. तो शोध, त्याचा फोटो काढ आणि गर्दीच्या जागी किंवा पोलिसांकडे जा. सरळ मुक्कामावर जायचं नाही.

पुढचं लिहिताना जड वाटतं, तरी लिहिते, कारण अशा उत्तरांमधून हे नेहमी गळतं. इतकं करूनही काही झालंच, तर दोष करणाऱ्याचा. तू काय घातलं होतंस, किती वाजले होते, त्याच्याशी का बोललीस, या प्रश्नांना तू उत्तर देणं लागत नाहीस. आधी सुरक्षित जागा, मग दवाखाना. जमलं तर अंघोळ करू नकोस, अंगावरचे कपडे धुऊ नकोस, बदलले तर प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेव. एचआयव्ही रोखणारी औषधं जितक्या लवकर घेशील तितकी उपयोगी, पण ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळणाऱ्या तातडीच्या गोळ्याही लवकर घेतल्या तर जास्त खात्रीच्या, पाच दिवसांनंतर त्यांचा उपयोग नाही. पेयात काही मिसळलं असा संशय असेल तर लघवीचा नमुना लगेच घ्यायला सांग, काही द्रव्यं सुमारे १२ तासांत शरीरातून निघून जातात. तक्रार करायची की नाही हे मागाहून ठरवता येतं, उपचार आधी. आपला दूतावास वकिलाची, डॉक्टरची यादी देतो, घरी कळवतो, हरवलेल्या पासपोर्टऐवजी प्रवासाचा कागद देतो. तो नंबरही आजच लिहून घे.

राहिले घरचे. त्यांची काळजी खोटी नाही, आणि 'काही होत नाही गं' म्हणून ती जातही नाही. मी घरच्यांना एक कागद देते: कोणत्या रात्री कुठे मुक्काम, तिथला फोन, दूतावासाचा फोन, पासपोर्टची प्रत. रोज रात्री ठरलेल्या वेळेला एक मेसेज, फोन नाही, कारण फोन लागला नाही की जीव घाबरा होतो. मेसेज आला नाही तर पहिले तीन तास थांबायचं. मग हॉटेलला फोन करून मी खोलीत परतले का ते विचारायचं. सकाळपर्यंत पत्ता लागला नाही तर दूतावासाला. तुझ्या आईबरोबर बसून असा कागद कर, आणि वेळा तिलाच ठरवू दे. काय ठरलं ते तारखा आणि गाव वगळून इथे लिही. काही सुटलं असेल तर मी सांगेन.