दोन दालनं आणि चहा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ६७ वर्षांची, पुण्यात एकटी राहते. योगवर्गात ओळख झालेले आम्ही बाराजण, सगळेच एकटे, गेल्या महिन्यात केळकर संग्रहालयात गेलो. तासाभरात सगळ्यांचे पाय भरून आले. गप्पा तर झाल्याच नाहीत, जो तो आपापल्या कपाटासमोर. पुन्हा जायचं आहे. कुठं चुकलं?

उत्तर : सगळं बघायला गेलात, तिथेच. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडलेल्या वस्तूच अडीच हजारांच्या घरात आहेत, त्याही जिने चढून वेगवेगळ्या मजल्यांवर. एका वस्तूला अर्धं मिनिट धरलं तरी वीस तास होतात!

पायांचं म्हणाल, तर दोष वयाचा कमी आणि वाकण्याचा जास्त. चालण्यापेक्षा थबकत, वाकत, मान तिरकी करत उभं राहणं कमरेला जड जातं. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच यावर लेख लिहिला होता. धडधाकट माणसालाही खालच्या फळीवरची पाटी वाचताना कसं वेडंवाकडं व्हावं लागतं, हे त्यांनी फोटोंनिशी दाखवलं.

म्हणून पुढच्या वेळी दोनच दालनं ठरवा आणि बाकीची खुशाल सोडा. निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा : दालनात बसायला बाक आहे का, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर, आणि त्या दिवशी शाळेची सहल आहे का. डिसेंबर-जानेवारीत हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खालच्या फळीवरच्या पाट्या एकाने वाचाव्यात, बाकीच्यांनी ऐकाव्यात. दर वीस मिनिटांनी बसायचं, पाय दुखायची वाट न बघता. तीन पायांची घडीची स्टुलं मात्र आणू नका. त्यांवरून उठताना तोल जातो.

बाराजण एका कपाटासमोर मावत नाहीत. पुढचे चारजण बघतात, मागचे कंटाळतात. सहा-सहाचे दोन गट करा आणि दुसरा गट उलट्या बाजूने सुरू करा. दारातच चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा, नाहीतर ओळखीचे ओळखीच्यांनाच चिकटतात. प्रत्येक जोडीने एक वस्तू निवडायची आणि चहाच्या वेळी तिच्याबद्दल सांगायचं. अडकित्त्यासमोर ‘हा कोणत्या शतकातला?’ असं विचारलंत की सगळे गप्प बसतात. ‘तुमच्याकडे सुपारी कोण कातरायचं?’ असं विचारा, मग आवरणं कठीण जाईल. दिवे, पानाचे डबे, कुलपं, स्वयंपाकाची भांडी ही त्यासाठी हुकमी दालनं. मूर्ती आणि नाण्यांचं दालन पहिल्या खेपेला नको, तिथे एकजण माहिती सांगतो आणि उरलेले माना डोलावतात.

चहाला पाऊण तास राखूनच ठेवा. ज्यासाठी जमायचं ते तिथेच घडतं. अकराला आत, बाराला बाहेर आणि पाऊणला घराकडे, म्हणजे मधुमेह असणाऱ्यांची जेवणाची वेळ चुकत नाही. आत पिशव्या जमा करायला लावतात, तेव्हा गोळ्या आणि नातेवाइकाच्या फोन नंबराची चिठ्ठी खिशात किंवा कमरेच्या बटव्यात हवी. तिकीट आणि चहा ज्याचा त्याने द्यावा. सामायिक वर्गणी काढली की तिसऱ्या महिन्यात हिशोबावरून कुरबूर सुरू होते.

प्रश्न : मुंबईत सुरुवात कुठून करावी? गटात सत्तरीचे चारजण आहेत.

उत्तर : भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातून. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ही वास्तू आटोपशीर आहे आणि मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती, जुने नकाशे यांवर गिरगावकर आणि लालबागकर यांची जुंपतेच. जिना चढायचा नसेल त्यांना तळमजला पुरतो. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. बेटाचं ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यावरून पडलं, तोच. बुधवारी बंद असतं. दुरुस्तीसाठीही काही वेळा बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करा. शेजारच्या राणीच्या बागेचं तिकीट वेगळं.

फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्यानंतर घ्या, आणि तेही एका खेपेला एकच दालन. ‘आलोच आहोत तर’ हे तीन शब्द तिथे फार महागात पडतात.

प्रश्न : आमच्या गटातले एक गृहस्थ बायकांना पुन्हापुन्हा घरी फोन करतात. दोघी यायच्या बंद झाल्या. गट मोडू नये म्हणून कसं सांगावं?

उत्तर : गट मोडतोच आहे, दोघी गेल्या. संयोजकाने त्या गृहस्थांना एकट्याने, समोर बसून, स्पष्ट शब्दांत सांगावं. सगळ्यांसमोर टोमणे मारून उपयोग नाही. तरीही थांबले नाहीत, तर पुढच्या निरोपातून नाव काढावं. मूळ चूक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपची आहे, त्यात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. नव्या माणसाला पहिल्या तीन भेटींपर्यंत ब्रॉडकास्ट यादीतून निरोप द्या, म्हणजे तो ज्याला त्याला स्वतंत्र जातो आणि इतरांचे नंबर दिसत नाहीत. त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नसेल तर निरोप पोचत नाही, एवढं आधी करून घ्या. फोटोही विचारल्याशिवाय टाकू नका. काहींनी मुलांना सांगितलेलं नसतं. दोघांचं आपखुशीने जुळलं, तर त्यात गटाने नाक खुपसू नये.

प्रश्न : चित्रांच्या दालनात इतका अंधार का? मला तर पायरीही दिसत नाही.

उत्तर : जुने रंग आणि कापड उजेडाने विटतात, म्हणून तिथे प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. उन्हातून आलेल्या वयस्क डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो. दाराशी पाच मिनिटं थांबा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. त्यामुळे उतरताना हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून बघा आणि कठड्याचा हात सोडू नका. मोबाइलचा दिवा लावू नका, रखवालदार ओरडेल आणि त्याचं बरोबरच असेल.