दूतावासाच्या खिडकीशी रुजू होताना

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

बर्लिनच्या आपल्या दूतावासात तू तीन महिने इंटर्न म्हणून रुजू होते आहेस, ही बातमी तुझ्या बाबांनी गावात सगळ्यांना सांगून झाली आहे. मला मात्र तुझ्या निरोपातलं शेवटचं वाक्य लागलं. ‘काका, तिथं सगळे मोठ्या शहरांतले असतील, इंग्रजी शाळांतले. मी त्यांच्यात काय करू?’ याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. परराष्ट्र मंत्रालयाच्या नोकरीतली माझी बहुतेक वर्षं वकिलातींच्या कॉन्सुलर विभागात, म्हणजे परदेशातल्या आपल्या माणसांची कागदपत्रं आणि अडचणी बघणाऱ्या विभागात गेली. जे सांगतो आहे ते तिथंच शिकलेलं आहे.

आधी कागदपत्रांचं बघू. तू विद्यार्थी म्हणून राहते आहेस. जर्मनीत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. अभ्यासक्रमातच सक्तीची असलेली इंटर्नशिप या हिशेबात धरत नाहीत. आपण होऊन केलेली धरतात, बिनपगारी असली तरी. तुझी कोणत्या प्रकारची आहे हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी घे, कारण शनिवार-रविवारी कॅफेत करतेस त्या कामाचे दिवसही याच मर्यादेतून वजा होतात.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाक. दूतावासात पाऊल टाकलं की आपण भारताच्या भूमीवर, असं तुला पुष्कळ लोक सांगतील. तसं नसतं. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ सांगतं की दूतावासाची वास्तू अभंग आहे, दूतावासाच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचे अधिकारी आत येऊ शकत नाहीत. पण जमीन जर्मनीचीच आणि कायदाही जर्मनीचाच. राजनैतिक अधिकाऱ्यांना जे संरक्षण असतं ते इंटर्नला नसतं. तुझा भाडेकरार, पत्त्याची नोंदणी, आरोग्य विमा हे सगळं तुझ्या नावावर आणि तुझ्या जबाबदारीवर.

काम काय असेल ते सांगतो. दूतावासात राजकीय, व्यापार, शिक्षण, माहिती, कॉन्सुलर असे विभाग असतात. बर्लिनमध्ये सांस्कृतिक काम टागोर सेंटर बघतं. नव्या इंटर्नला बहुधा सकाळच्या वर्तमानपत्रांतून भारताच्या बातम्या काढून गोषवारा करायला देतात. मग एखाद्या जर्मन राज्यातल्या उद्योगांवर टिपण, कार्यक्रमाच्या पाहुण्यांची यादी, त्यांचे हुद्दे तपासणं, खुर्च्यांवर नावांची कार्डं लावणं. यातलं एकही काम हलकं समजू नको. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर राष्ट्रपतींचं भाषण वाचून दाखवतात. त्या सकाळी पुढच्या रांगेत कोण कुठं बसलं आणि कार्डावर कुणाचा हुद्दा चुकला, हे पाहुणे वर्षभर लक्षात ठेवतात. गोषवाऱ्यात बातमी काय, कुठं छापली, कोणत्या तारखेची, एवढं आधी असू दे. तुझं मत वेगळ्या ओळीत लिही, तेही विचारलं तरच.

हे सगळं तू महिनाभरात शिकशील. पण वरिष्ठांना विनंती करून एक काम मागून घे, निदान काही आठवडे. ते म्हणजे कॉन्सुलर विभागातलं. बाकीचे इंटर्न राजकीय विभागासाठी धडपडतील. धडपडू दे.

बाबांबरोबर तू तहसीलमध्ये किती वेळा उभी राहिलीस ते मी पाहिलं आहे. सातबाऱ्यावरचा फेरफार, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पुढे तुझ्याच शिष्यवृत्तीसाठी जात पडताळणी. खिडकीतला माणूस मान वर न करता ‘हे चालत नाही’ म्हणतो आणि काय चालतं ते सांगत नाही. कास्तकार ‘बरं साहेब’ म्हणून परतीची एसटी धरतो, वावरातला एक दिवस वाया जातो. दूतावासाची खिडकी ही तीच तहसीलची खिडकी आहे, फरक इतकाच की समोरच्याला घरी जायला एसटी नाही. पासपोर्ट हरवलेला विद्यार्थी, तान्ह्या बाळाच्या जन्माची नोंद करायला आलेलं जोडपं, एजंटनं भलत्याच आश्वासनावर आणून सोडलेला पोरगा, कुणाचा मुक्कामाचा परवाना संपत आलेला. ही माणसं काय बोलतात यापेक्षा काय बोलायला घाबरतात, ते तुला शहरातल्या मुलांच्या आधी कळेल. ते तुला कुणी शिकवलं नाही, तू त्या रांगेत उभी राहून मिळवलं आहेस. म्हणून तू तिथं काय करणार, या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

आता बारकावे. कुणालाही ‘नाही’ म्हणायची वेळ आली तर त्याच श्वासात पुढे काय करता येईल ते सांग, आणि कागदावर लिहून दे. पासपोर्ट हरवला असेल तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग नव्या पासपोर्टचा अर्ज. ताबडतोब भारतात परतायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते एकदाच, भारतात येण्यापुरतंच चालतं. घाबरलेल्या माणसाला तोंडी सांगितलेलं दारापर्यंत जाईतो आठवत नाही.

नावांकडे फार लक्ष दे. आपल्याकडे शाळेच्या टीसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पासपोर्ट काढताना कुणीतरी वडिलांचं नावही पहिल्या नावाच्या रकान्यात कोंबलेलं असतं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा. मग जर्मन कार्यालयाला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि बँक, विद्यापीठ, विमा सगळं अडतं. असं प्रकरण आलं की प्रत्येक कागदावर नाव जसं आहे तसं, अक्षरन् अक्षर, एकाखाली एक लिहून काढ. निम्मा गुंता तिथंच दिसतो.

सगळ्यात अवघड म्हणजे गावाकडून येणारा फोन. ‘पोरगा तीन दिवस झाले फोन उचलत नाही.’ पलीकडे वडील असतात, हिंदी मोडकी, इंग्रजी नाही, आणि मराठी बोलणारं कुणी भेटेल अशी आशाही नाही. तू मराठीत बोल, आपल्या वऱ्हाडी बोलीत बोल. त्यांना आधी बोलून घेऊ दे. मग पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, शेवटचं बोलणं कधी झालं, राहण्याचा पत्ता, एखाद्या मित्राचा नंबर, एवढं क्रमानं विचार आणि लगेच अधिकाऱ्याला दे. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी ‘मदद’ हे सरकारी पोर्टल २०१५ पासून आहे. तिथं तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घरच्यांना कळवायला सांग, म्हणजे पुढचा फोन दुसऱ्या कुणी उचलला तरी पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

आणि कधी बातमी वाईट असेल. मृतदेह भारतात पाठवायला तिथला मृत्यूचा दाखला, शवलेपनाचं प्रमाणपत्र, सीलबंद पेटीचा कागद, रद्द केलेला पासपोर्ट, दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि घरच्यांची लेखी संमती लागते. खर्च पेलवत नसेल अशा कुटुंबासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्याबद्दल घरच्यांनी विचारायची वाट बघू नये, आपण होऊन सांगावं. ते विचारतील, ‘किती दिवस लागतील?’ तारीख कधीही देऊ नको, कारण ती तुझ्या हातात नाही. ‘उद्या दुपारी चार वाजता मी फोन करते’ असं सांग, आणि चार वाजता कर. नवीन काहीच नसलं तरी कर. ज्यांच्या घरी असं झालं त्यांना उत्तराइतकीच त्या फोनची गरज असते. हे करताना तुला झोप लागेनाशी झाली तर विभागातल्या कुणाशी बोल, मला रात्री-अपरात्री फोन कर. मनात साठवून ठेवू नको.

दूतावासाला काय करता येत नाही हेही पक्कं माहीत पाहिजे, नाहीतर दयेपोटी खोटी आशा लावशील. दूतावास कुणाला तुरुंगातून सोडवू शकत नाही, न्यायालयात त्याचा वकील म्हणून उभा राहू शकत नाही, जर्मन कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. पण १९६३ च्या कॉन्सुलर संबंधांच्या करारात कलम ३६ आहे. अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याला भेटण्याचा. हे कलम किती मोठं आहे ते पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात दिसलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की पाकिस्तानानं कलम ३६ मोडलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे आणि तोवर फाशी देता येणार नाही. भारताची बाजू मांडली ती आपल्या नागपुरात शिकलेल्या हरीश साळव्यांनी, एक रुपया मानधनावर. तो निकाल रुजू होण्याआधी मुळातून वाच. इंग्रजी जड आहे, पण तुला समजेल.

व्यापार विभागात बसवलं तर नाराज होऊ नको. आपल्या भागाला दूतावासांचं काय काम, असं गावात विचारतात. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना विचार. त्यांचा माल वर्षानुवर्षं बांगलादेशात जायचा. तिथल्या सरकारनं आयात शुल्क वाढवत नेलं आणि इथले भाव पडले. अशा वेळी ढाक्यातल्या आपल्या उच्चायुक्तालयातलं कुणीतरी तिथल्या मंत्रालयाच्या दारात जाऊन बोलावं लागतं. जर्मनीत कापडाचे आणि सेंद्रिय कापसाचे खरेदीदार आहेत. टिपण लिहिताना पऱ्हाटीच्या वेचणीपासून जिनिंगपर्यंत काय होतं हे तुला पुस्तकात बघावं लागणार नाही. ते लिही. इतरांना लिहिता येणार नाही असं तेच आहे.

तसंच १४ एप्रिलचं. तू असेपर्यंत कार्यक्रमाची तयारी निघाली तर सुचवायला एक गोष्ट हाताशी ठेव. बाबासाहेबांनी १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या घरातली मुलगी हे त्या देशात उभं राहून सांगेल, याचं मला फार अप्रूप आहे. सुचवताना मात्र तोंडी नको. अर्ध्या पानाचं टिपण कर, विद्यापीठाच्या अभिलेखागाराला काय विचारायचं ते त्यात लिही, आणि विभागप्रमुखांच्या हातात दे.

तोंड सांभाळणं हा या नोकरीचा पाया आहे. कोण आलं, कुणाचं काय प्रकरण, कोणता अधिकारी कुणाला भेटला, हे मैत्रिणीला नाही, बाबांनाही नाही. आत काढलेला फोटो विचारल्याशिवाय टाकायचा नाही. खिडकीशी आलेल्या माणसाचं दुःख तर कधीच नाही, नाव झाकूनसुद्धा नाही.

पैशांचं बाबांशी मोकळेपणानं बोल. दूतावासांतल्या इंटर्नशिपला बहुतेक ठिकाणी मानधन नसतं, आणि ते तुझ्या घराला परवडण्यासारखं नाही, हे मला कळतं. तीन महिन्यांच्या भाड्याचा आणि जेवणाचा हिशेब मला पाठव, आपण बसून बघू. तुझ्यामागे येणाऱ्यांसाठी दुसरी वाटही आहे. दिल्लीत खुद्द परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप योजना आहे. तिथं महिना १०,००० रुपये आणि येण्याजाण्याचं विमानभाडं मिळतं, आणि आकांक्षित, म्हणजे सरकारनं मागे पडलेले म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांतल्या मुलांना प्राधान्य असतं. महाराष्ट्रातल्या अशा चार जिल्ह्यांत आपला वाशीम आहे, गडचिरोलीही आहे. ही माहिती तुझ्या कॉलेजात कुणाला नव्हती. मी तिथल्या प्राचार्यांना भेटून सूचनाफलकावर लावायला सांगणार आहे, तू तुझ्या बॅचच्या ग्रुपवर टाक. तुझं नाव बघून मुली उघडून वाचतील.

रुजू झाल्यावर कोणत्या विभागात बसवलं ते कळव. आईनं कपड्यांचं विचारलं होतं. साधा सुती कुर्ता चालतो, वर गरम कोट हवा, आणि बूट असे घे की दिवसभर उभं राहता येईल.

तुझा,
काका