वाचकांचे प्रश्न: प्लेटच्या काठावरचा भुंगा

प्रश्न: जर्मनीत ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातल्या संग्रहालयात माइसेन या पोर्सेलिन कारखान्याच्या अठराव्या शतकातल्या प्लेटा पाहिल्या. मधोमध फुलांचा गुच्छ नीट मांडलेला, पण आजूबाजूला वाटेल तिथे एखादं फूल नाहीतर भुंगा. सरदार-दरकदारांच्या मेजवानीत हा विस्कळीतपणा कसा चालला?

उत्तर: तो मुद्दाम केलेला आहे. हे पोर्सेलिन, म्हणजे उंची चिनी माती, सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. एवढ्या आचेत झिलईला बारीक खळगा पडायचा, कुठे मातीतल्या लोहकणाचा काळपट ठिपका उमटायचा. एवढ्यासाठी अख्खी प्लेट कोण टाकून देणार? चित्रकार त्या ठिपक्यावर भुंगा बसवायचा, खळग्यावर पाकळी. तिरप्या उजेडात पाहा, एखाद्या पंखाखाली खड्डा सापडतो. अर्थात प्रत्येक भुंग्याखाली डाग शोधू नका. ही विखुरलेली मांडणी लोकांना इतकी आवडली की निर्दोष प्लेटांवरही ती येऊ लागली.

मला खरं कौतुक वाटतं ते रंगाच्या अंदाजाचं. झिलईवर रंगवून प्लेट पुन्हा कमी आचेवर भाजायची. कुंचल्यावरचा कच्चा रंग आणि भट्टीतून निघालेला रंग यांचा मेळ नसतो. गुलाबाचा गुलाबी रंग तर सोन्यापासून केलेला! १७२० मध्ये व्हिएन्नाहून माइसेनला आलेल्या चित्रकार योहान ग्रेगोरियस हेरोल्टने अशा रंगांची श्रेणी घडवली. काठावरचं सोनं भट्टीतून निस्तेज निघतं, मग अकीक या कठीण दगडाने घासून त्याला चकाकी आणतात.

सॅक्सनीचा मंत्री काउंट ब्र्यूलसाठी माइसेनचा शिल्पकार केंडलरने १७३७ ते १७४२ दरम्यान घडवलेला हंस-संच पाहिलात का? दोन हजारांहून जास्त नग. त्यात हंस, बगळे नि शिंपल्याच्या रेघा पांढऱ्यावर पांढऱ्याच उठवलेल्या. रंगीत फुलं अगदी मोजकी. झाकायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून मला तोच संच सर्वांत धाडसी वाटतो.

प्रश्न: हाताने रंगवलेलं आणि छापलेलं कसं ओळखावं?

उत्तर: भिंग घ्या. छपाईत बहुधा एकसारखे ठिपके दिसतात, हाताच्या कामात कुंचला टेकला तिथे रंग दाट आणि उचलला तिथे पातळ. एकाच संचातल्या दोन प्लेटा शेजारी ठेवा. पानांची वळणं तंतोतंत जुळली तर छपाईचा संशय घ्या. मागच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारींवर, म्हणजे माइसेनच्या खुणेवर, मात्र विसंबू नका, त्यांची नक्कल फार झाली आहे.